डार्क, फ्लॅट, बायस: स्टॅकिंगआधीची वजाबाकी आणि भागाकार

देवयानी दीर्घिकेचे दोन-दोन मिनिटांचे साठ फोटो स्टॅक करून, म्हणजे एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढून, स्ट्रेच केले, म्हणजे अंधुक भाग उजळवला, की दीर्घिकेतल्या धुळीच्या पट्ट्यांबरोबर नको त्या गोष्टीही वर येतात. कोपरे काळवंडलेले, मध्येच कुठेतरी धुरकट कडी, आणि लाल-निळे ठिपके एकाच दिशेने ओघळल्यासारखे. आणखी साठ फोटो काढून यातलं काहीच जात नाही. स्टॅकिंगने कमी होतो तो दर फोटोत बदलणारा नॉइज. जो दोष प्रत्येक फोटोत त्याच पिक्सेलवर बसलाय तो उलट जास्त ठसठशीत दिसतो, कारण त्याला झाकणारा नॉइज आता उरलेला नसतो.

त्यासाठी कॅलिब्रेशन फ्रेम्स, म्हणजे हे दोष मोजायला वेगळे काढलेले फोटो: टोपी लावून लाइट्सएवढ्याच एक्स्पोजरचे डार्क, टोपी लावून सर्वांत कमी एक्स्पोजरचे बायस, आणि सारख्या पसरलेल्या उजेडाचे फ्लॅट. आकाशाचे मूळ फोटो ते लाइट. किती डार्क आणि किती फ्लॅट काढायचे याच्या याद्या सगळीकडे मिळतात. पण फ्रेम्स नीट काढूनही निकाल बिघडतो, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण एकच असतं: कशातून काय वजा झालं याकडे लक्ष नसतं. म्हणून आधी थोडं गणित.

पिक्सेलमध्ये काय काय भरलेलं असतं

रॉ फाइलमधल्या प्रत्येक आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, आकाशातून आलेला प्रकाश; पण तो लेन्सच्या कडेला कमी झालेला आणि धुळीच्या कणांनी अडवलेला. दोन, सेन्सरच्या उष्णतेने तयार झालेला डार्क करंट. तीन, बायस, म्हणजे कॅमेरा मुळातच प्रत्येक पिक्सेलला जो ठराविक आकडा जोडून देतो तो. अनेक १४-बिट कॅनन कॅमेऱ्यांत हा आकडा २०४८ च्या आसपास असतो. टोपी लावून सर्वांत कमी एक्स्पोजरचा फोटो काढला तरी पिक्सेल शून्य दाखवत नाहीत, २०४८ च्या आगेमागे दाखवतात.

उष्णता आणि बायस बेरजेने आलेले असतात, म्हणून ते वजा करायचे. लेन्सची कड आणि धूळ प्रकाशाला गुणून कमी करतात, म्हणून तिथे भागाकार. क्रम असा: लाइटमधून डार्क वजा, फ्लॅटमधून बायस वजा, मग पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. डार्कमध्ये बायस आपोआप आलेला असतो, त्यामुळे डार्क वजा केल्यावर लाइटमधून बायस पुन्हा वेगळा काढायचा नसतो.

हे चुकलं तर काय होतं ते आकड्यांत बघा. समजा कोपऱ्यात मध्यभागाच्या ७० टक्के प्रकाश पोचतो. आकाशाच्या उजेडाचे मध्यभागी १००० आणि कोपऱ्यात ७०० आकडे आले. बायस धरून लाइटमध्ये ३०४८ आणि २७४८ दिसतील. फ्लॅटमध्ये प्रकाशाचे ८००० आणि ५६००, म्हणजे बायस धरून १००४८ आणि ७६४८.

दोन्हींतून बायस गेला असेल तर कोपऱ्यात ७०० भागिले ०.७, बरोबर १०००. मध्यभागाइतकंच. छान.

लाइटमधून काहीच वजा केलं नाही आणि फ्लॅटमधून केलं, तर कोपऱ्यात २७४८ भागिले ०.७ म्हणजे सुमारे ३९२६, आणि मध्यभागी ३०४८. कोपरे आता उजळून निघाले. उलट, लाइटमधून डार्क वजा झाला पण फ्लॅटमधून बायस काढायचा राहिला, तर फ्लॅटचं कोपऱ्यातलं गुणोत्तर ०.७ ऐवजी ०.७६ निघतं, कोपऱ्यात ९२० च्या आसपास येतात आणि कोपरे थोडे काळेच राहतात. दोन्हीकडे काहीच वजा केलं नाही तर ३०४८ विरुद्ध ३६१०: पुन्हा उजळ कोपरे.

म्हणजे उजळ कोपरे दिसले की संशय लाइटवर घ्यायचा, काळे कोपरे राहिले की फ्लॅटवर. ‘फ्लॅट काम करत नाहीत’ म्हणून फ्लॅट पुन्हा काढत बसण्याआधी ही वजाबाकी तपासा.

लाइट्स काढतानाची पथ्यं

फक्त रॉ. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आकडे वाकवलेले असतात, त्यामुळे वरचं गणित लागूच पडत नाही. आयएसओ रात्रभर एकच ठेवा. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा; ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ स्वतःचा एक डार्क काढतो. अर्धी रात्र त्यात जाते, आणि एकाच डार्कचा नॉइज फोटोत कालवला जातो. लेन्सच्या कडा उजळवणारं करेक्शनही बंद. कॅमेरा लेन्स वापरत असाल तर फोकस आणि झूमच्या रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. फ्लॅटच्या वेळी फोकस बदललेला असेल तर धुळीच्या सावल्या जुळणार नाहीत.

डार्क्स

लाइट्सएवढंच एक्स्पोजर, तोच आयएसओ, तेवढंच तापमान, टोपी लावलेली. दोन मिनिटांच्या लाइट्सना दोन मिनिटांचेच डार्क. त्यातली तापमानाची अट सर्वांत अवघड. डार्क करंट साधारण दर ६ अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. १० अंशांचा फरक म्हणजे तिपटीहून जास्त. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत घाटमाथ्यावर किंवा वांगणीसारख्या ठिकाणी संध्याकाळ आणि पहाट यांत एवढा फरक सहज पडतो. घरी येऊन, गरम खोलीत दुपारी काढलेले डार्क त्या रात्रीच्या लाइट्सना चालत नाहीत. त्यांतून गरज नसताना जास्त वजा होतं आणि तापलेल्या पिक्सेलच्या जागी काळे ठिपके उरतात.

व्यवहारात सोपं असं: लाइट्स संपले की कॅमेरा टेलिस्कोपवरून काढा, बॉडी कॅप लावा आणि उघड्यावरच ठेवून इंटरव्हॅलोमीटरने (आपोआप फोटो काढत राहणाऱ्या रिमोटने) डार्क्स सुरू करा. दोन मिनिटांचे वीस म्हणजे चाळीस मिनिटं. तेवढ्यात ट्रायपॉड, माउंट, बॅटरी आवरून होतं. पण रात्रभरात फ्लॅट काढायचे राहिले असतील तर ते आधी उरका, कारण कॅमेरा एकदा निघाला की धुळीचे कण जागचे हलतात.

कॅननच्या रॉ फाइलीत कॅमेऱ्याचं तापमान नोंदलेलं असतं. एक्झिफटूल या प्रोग्रामने ते वाचता येतं. डार्क्सची सरासरी लाइट्सच्या दोन-तीन अंशांत आली तर पुरे. पहिले तीन-चार डार्क टाकून द्यावेत, सेन्सर कामाच्या तापमानाला यायला तेवढा वेळ लागतो. कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवून डार्क काढायची युक्ती चालते, पण बाहेर काढताच त्यावर पाणी धरतं. आधी हवाबंद पिशवीत घालायचं आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही.

प्रकाश आत शिरण्याकडे दुर्लक्ष होतं. डीएसएलआरचं व्ह्यूफाइंडर झाकलं नाही तर तिथून उजेड येतो. काही काळ्या प्लास्टिकच्या टोप्यांतून अवरक्त किरण आरपार जातात. डोळ्यांना टोपी काळीकुट्ट दिसते, पण सेन्सरला नाही. टोपीवर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि त्यावर जाड काळं कापड टाका.

डार्क किती हवेत याचं उत्तर लाइट्सच्या संख्येत आहे. प्रत्येक लाइटमधून एकच मास्टर डार्क (सगळ्या डार्कची सरासरी) वजा होतो, त्यामुळे मास्टरमध्ये उरलेला नॉइज सगळ्या लाइट्समध्ये सारखाच जातो. डिदरिंग, म्हणजे फोटोंच्या मधे माउंट मुद्दाम थोडा सरकवणं, नसेल तर साठ लाइट्स आणि दहा डार्क या जोडीत डार्कचा नॉइज लाइट्सच्या स्टॅकमधल्या सेन्सर-नॉइजपेक्षा बराच वरचढ ठरतो. वीस हा तळ माना, तीस-चाळीस चांगले. डिदरिंग असेल तर हा बोजा बराच हलका होतो.

आणि खरं सांगायचं तर थंड न होणाऱ्या डीएसएलआरसाठी डार्कपेक्षा डिदरिंग जास्त उपयोगी पडतं. दर दोन-तीन फोटोंनंतर माउंट दहा-पंधरा पिक्सेल इकडे-तिकडे सरकवायचा. दिशा प्रत्येक वेळी वेगळी. मग तापलेला पिक्सेल प्रत्येक फोटोत ताऱ्यांच्या तुलनेत वेगळ्या जागी पडतो आणि स्टॅकिंगमधलं सिग्मा रिजेक्शन (सरासरीपासून फार लांबचे आकडे गाळणं) त्याला उडवून लावतं. सुरुवातीला सांगितलेले ओघळते ठिपके याच उपायाने जातात. ते उमटतात कारण ट्रॅकिंगमधल्या हळूहळू सरकण्यामुळे ठिपका दर फोटोत एकाच दिशेला थोडाथोडा पुढे जातो. तापमान जुळवणं शक्यच नसेल तर डार्क वगळा, मास्टर बायस लाइट्समधूनही वजा करा आणि डिदरिंगवर भर द्या. चुकीच्या डार्कपेक्षा डार्क नसलेला बरा.

सेन्सर कूलरने थंड ठेवणारा खगोल-कॅमेरा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डार्क्सची लायब्ररी एकदाच करायची, आणि तिला पावसाळ्यासारखा मुहूर्त नाही. जून ते सप्टेंबर आकाश तसंही मिळत नाही. ० आणि उणे १० अंश ही दोन तापमानं, ६०, १२० आणि ३०० सेकंद ही तीन एक्स्पोजरं, आणि नेहमीचाच गेन (आयएसओसारखी सेटिंग) व ऑफसेट (बायसची पातळी). पाच मिनिटांचे पन्नास डार्क चार तासांहून थोड्या जास्त वेळात होतात. रात्री लावून झोपता येतं. फक्त पावसाळी दमट हवेत सेन्सरच्या चेंबरमधल्या डेसिकंटच्या (ओलावा शोषणाऱ्या) गोळ्या आधी तपासा, नाहीतर काचेवर बर्फाची नक्षी उमटते. मे महिन्यात उणे १० गाठताना कूलर शंभर टक्क्यांवर धावत असेल तर तापमान स्थिर राहत नाही. त्या दिवसांत ० अंशांवरच काम करा.

अँप ग्लो, म्हणजे फ्रेमच्या कडेला दिसणारी सूर्यकिरणांसारखी चमक, काही सेन्सरांत येते. एएसआय २९४ हे त्याचं ठळक उदाहरण. ती फक्त तंतोतंत जुळणाऱ्या डार्कनेच जाते. वेगळ्या एक्स्पोजरचा डार्क गणिताने कमी-जास्त करून ती निघत नाही. अशा कॅमेऱ्यांसाठी सॉफ्टवेअरमधला ‘डार्क ऑप्टिमायझेशन’चा पर्याय बंद ठेवा. तो डीएसएलआरसाठीही बेभरवशाचा आहे, कारण अनेक कॅमेरे रॉ लिहितानाच काळ्याची पातळी स्वतः सावरून घेतात.

बायस

सर्वांत सोपं काम. टोपी, तोच आयएसओ, कॅमेऱ्याचं सर्वांत कमी एक्स्पोजर (उदाहरणार्थ १/४००० सेकंद), पन्नास ते शंभर फ्रेम्स. तापमानाची चिंता नाही. वर्षातून एकदा केले तरी चालतात. सिरिल या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर प्रत्यक्ष बायसऐवजी नुसता आकडाही देता येतो: बायसच्या खिडकीत बरोबरचं चिन्ह देऊन २०४८ असं लिहायचं. तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा एका बायस फ्रेमचा मीडियन (मधला आकडा) पाहून ठरवा, दुसऱ्याचा उसना घेऊ नका.

काही सीमॉस खगोल-कॅमेऱ्यांत अतिशय छोट्या एक्स्पोजरची पातळी मोठ्या एक्स्पोजरशी जुळत नाही. तिथे बायस वापरू नका. त्याऐवजी फ्लॅटएवढ्याच एक्स्पोजरचे, टोपी लावून काढलेले डार्क-फ्लॅट वापरा. दोन सेकंदांचे फ्लॅट, तर दोन सेकंदांचे डार्क-फ्लॅट.

फ्लॅट्स

एकच प्रकार काढायला वेळ असेल तर फ्लॅट काढा. काळवंडलेले कोपरे आणि धुळीची कडी दुसऱ्या कशाने नीट जात नाहीत. ग्रेडियंट (पार्श्वभूमीचा कमी-जास्त होत जाणारा उजेड) काढणाऱ्या साधनांना कोपरे आणि दीर्घिकेचा अंधुक कडेचा भाग यांत फरक कळत नाही. देवयानीसारखी तीन अंशांहून पसरलेली वस्तू त्यांत हमखास झिजते.

फ्लॅटसाठी कॅमेरा लाइट्सच्या वेळी होता तसाच हवा: तोच फोकस, टेलिस्कोपवर कॅमेरा त्याच कोनात फिरवलेला, तेच फिल्टर, दवाची हूड लावली असेल तर हूडसकट. कॅमेरा लेन्स असेल तर तेच अॅपर्चर. लाइट्स एफ/४ ला आणि फ्लॅट एफ/२.८ ला असं झालं की फ्लॅट कचऱ्यात. आयएसओ तोच ठेवा. एक्स्पोजर मात्र वेगळं असणारच.

उजेड तीन ठिकाणांहून मिळतो. टेलिस्कोपच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट दुहेरी करून, सुरकुती न ठेवता रबरबँडने ताणून बसवायचा आणि टेलिस्कोप पहाटेच्या आकाशाकडे, शक्यतो सूर्याच्या विरुद्ध दिशेला, वर वळवायचा. यात वेळेची घाई असते. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश झपाट्याने बदलतो, त्यामुळे वीस फ्लॅट होईपर्यंत एक्स्पोजर दोन-तीनदा बदलावं लागतं. दुसरा मार्ग, एलईडी ट्रेसिंग पॅनल. तिसरा, टॅबलेटचा पांढरा स्क्रीन. ८० मिलिमीटरच्या टेलिस्कोपला दहा इंची टॅबलेट पुरतो.

पॅनल आणि स्क्रीन दोन्ही डोळ्यांना न दिसेल असे लुकलुकतात. १/१००० सेकंदाचं एक्स्पोजर घेतलं तर काही ओळींना उजेड मिळतो, काहींना कमी, आणि फ्लॅटवर आडवे पट्टे येतात. ओळखायची खूण अशी की पट्टे दर फ्लॅटमध्ये वेगळ्या जागी असतात. उपाय, एक्स्पोजर १/१० सेकंद किंवा त्याहून जास्त. त्यासाठी उजेड कमी करावा लागतो: पॅनल आणि टेलिस्कोप यांच्यामध्ये साध्या ए-४ कागदाचे दोन, चार, सहा ताव घालत जा. आयएमएक्स २९४ सेन्सरला तर काही सेकंदांचेच फ्लॅट मानवतात.

एक्स्पोजर किती? कॅमेऱ्याच्या पाठीवरचा हिस्टोग्राम जेपेगचा असतो, आणि जेपेगने मधले सूर उजळलेले असतात. तिथे टेकडी बरोबर मध्यावर दिसते तेव्हा रॉमध्ये प्रत्यक्षात बरंच कमी भरलेलं असतं. म्हणून टेकडी उजवीकडे दोन-तृतीयांशापर्यंत जाऊ द्या. एव्ही मोडमध्ये (कॅमेरा एक्स्पोजर स्वतः ठरवतो तो मोड) अधिक एक एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन ठेवलं की बहुधा तिथेच येते. खात्री करायची तर एक फ्लॅट सिरिलमध्ये उघडून मीडियन पाहा: १४-बिट कॅमेऱ्यात (कमाल १६३८३) ६००० ते ९००० असला की झालं. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे तपासा. कुठलाही रंग उजव्या भिंतीला टेकलेला नको आणि बायसच्या अगदी जवळही नको.

वीस ते तीस फ्लॅट पुरतात. टी-शर्ट किंवा कागद दर पाच फ्लॅटनंतर थोडा फिरवा, म्हणजे त्याचे डाग सरासरीत विरतात.

थंडीत दव हा खरा शत्रू आहे. पहाटे तीनच्या सुमारास पुढच्या काचेवर दव साचलं की प्रकाश वेगळाच पसरतो, आणि मग रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागाचे फ्लॅट दुसऱ्या अर्ध्याला लागू होत नाहीत. ड्यू हीटर आधीपासूनच चालू ठेवा. आणि फ्लॅट काढण्याआधी काच पुसायची नाही, सेन्सरवर ब्लोअर मारायचा नाही. जी धूळ लाइट्समध्ये होती तीच फ्लॅटमध्ये हवी.

सिरिलमध्ये

एका फोल्डरमध्ये चार उपफोल्डर करा: लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, लहान अक्षरांत, अनेकवचनी. एक अक्षर चुकलं तरी स्क्रिप्ट अडते. ‘होम’ बटणाने हा मुख्य फोल्डर निवडा आणि रंगीत कॅमेऱ्यांसाठीचं ओएससी प्रीप्रोसेसिंग स्क्रिप्ट चालवा. डार्क नसतील तर ‘विदाउट डार्क’चं वेगळं स्क्रिप्ट आहे.

हाताने करायचं असेल तर बायस आणि डार्क्स नॉर्मलायझेशनशिवाय (फोटोंची पातळी सारखी न करता) स्टॅक करायचे, फ्लॅट्स मल्टिप्लिकेटिव्ह नॉर्मलायझेशनने. फ्लॅट स्टॅक करण्याआधी त्यांतून बायस वजा झाला पाहिजे. लाइट्सचं कॅलिब्रेशन डीबेअर (पिक्सेलच्या जाळीतून रंग बनवणं) करण्याआधी करायचं; रंग मिसळल्यावर एका पिक्सेलचा दोष शेजाऱ्यांत पसरतो. फ्लॅटच्या उजेडाला रंगाची छटा असेल तर ‘इक्वलाइझ सीएफए’वर खूण करा. डीपस्कायस्टॅकर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रकारासाठी फाइली भरण्याची वेगळी जागा आहे. तिथे फ्लॅट देऊन बायस किंवा डार्क-फ्लॅट द्यायचं विसरलं तर वर काढलेले ९२० आणि ३६१० सारखे निकाल हातात येतात.

पूर्ण स्टॅक होण्याची वाट पाहू नका. आधी एकच लाइट कॅलिब्रेट करून ऑटोस्ट्रेचमध्ये बघा. चूक असेल तर तिथेच दिसते.

कडी नेमकी कुठे आहे

फ्लॅट लावूनही धुळीचं कडं अर्धवट उरलं, एक बाजू उजळ आणि दुसरी काळी, तर कण लाइट्स आणि फ्लॅट्सच्या मधे सरकलेला आहे, किंवा कॅमेरा फिरला आहे. असं वारंवार होत असेल तर धूळ कुठे आहे ते मोजता येतं. कड्याचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा, त्याला पिक्सेलच्या आकाराने आणि एफ-रेशोने गुणा. उत्तर म्हणजे कणाचं सेन्सरपासूनचं अंतर. ४.३ मायक्रॉनचे पिक्सेल, एफ/६ टेलिस्कोप आणि ८० पिक्सेलचं कडं: साधारण २ मिलिमीटर, म्हणजे धूळ सेन्सरपुढच्या काचेवर. तेच कडं ५०० पिक्सेलचं असेल तर अंतर १३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सेन्सरपासून थोड्या अंतरावर असलेल्या फिल्टरवर पाहा. टेलिस्कोपच्या तोंडावरच्या पुढच्या काचेवरची धूळ कडं पाडतच नाही, तिच्यासाठी लेन्स पुसण्यात हशील नाही.

फ्लॅट बरोबर आणि बायसही बरोबर, तरी एकच कोपरा उजळ राहत असेल तर तो बहुतेक प्रकाश-प्रदूषणाचा ग्रेडियंट असतो. मुंबई-पुण्याच्या दिशेला तोंड करून काढलेल्या फोटोंत तो येणारच. त्याचा फ्लॅटशी संबंध नाही. तो स्टॅक झाल्यावर बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने काढायचा.

मास्टर फाइलींच्या नावात आयएसओ, एक्स्पोजर, तापमान आणि तारीख घाला. मास्टर बायस वर्षभर टिकतो. थंड कॅमेऱ्याचे डार्क सहा महिने ते वर्षभर, कारण सेन्सरवर नवे तापलेले पिक्सेल तयार होत राहतात. डीएसएलआरचे डार्क तापमानानुसार दोन-तीन अंशांच्या गटांत साठवून पुढच्या हिवाळ्यात वापरता येतात. फ्लॅट मात्र कॅमेरा एकदा काढला की नवे.